पंचगंगेतले मासे मोजण्याची रीत एक करा: कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर;
तसेच मत्स्यव्यवसाय विभाग, जलसंपदा विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचे कोल्हापुरातील अधिकारी, शिवाजी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग

सविनय नमस्कार.

पंचगंगेत आज माशांच्या किती जाती आहेत? दहा वर्षांपूर्वीच्या मानाने त्या घटल्या का? घटल्या असतील तर नदीच्या कोणत्या टप्प्यात? या प्रश्नांची खात्रीलायक उत्तरं देणारा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही. मी शिरोळ तालुक्यात प्राणिशास्त्र शिकवतो, विद्यार्थ्यांना घेऊन नदीवर जातो, आणि या विषयावर जिल्ह्यात जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं वाचलेलं आहे. पाहणी पुष्कळांनी केली आहे. पण ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने केली, आणि म्हणून एकाची यादी दुसऱ्याच्या यादीशी ताडून पाहता येत नाही. जिल्ह्यातल्या मोठ्या नद्यांमधल्या माशांच्या पाहणीची एकच लेखी पद्धत ठरवावी आणि यापुढची प्रत्येक पाहणी तिच्यानुसार व्हावी, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे.

अडचण नेमकी कुठे येते ते सांगतो. एका पाहणीत मासे फेकजाळ्याने धरलेले असतात, दुसरीत पाण्यात उभ्या लावून ठेवलेल्या जाळ्याने. एकाने थंडीत पाहिलेलं असतं, दुसऱ्याने ऐन मे महिन्यात. जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, किती होता, जाळं किती तास पाण्यात होतं, किती वेळा फेकलं, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. कुणी माशाची लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजतो, कुणी शेपटीच्या बुडापर्यंत. काही याद्या तर मासळी बाजारात उभं राहून केलेल्या असतात. बाजारात तळ्यातला, धरणातला आणि बाहेरून बर्फात आलेला मासा नदीच्या माशाशेजारीच विकायला असतो. ज्याला गिऱ्हाईक नाही असा बोटभर लांबीचा मासा मात्र तिथे येतच नाही. अशा यादीत रोहू आणि कटला ठळकपणे दिसतात आणि नदीचे मूळचे लहान मासे गायब होतात. त्यांवरून कुणी निष्कर्ष काढला की लहान मासे संपले, तर तो निष्कर्ष बाजाराबद्दलचा ठरेल, नदीबद्दलचा नव्हे.

जुन्या नोंदींच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. ज्याला शास्त्रात आज टॉर खुद्री म्हणतात तो महसीर आणि तोंडावर उंचवटा असलेला नुक्ता हे दोन्ही मासे त्यांनीच प्रथम शास्त्राच्या दप्तरात नोंदवले. पुढे १९५६ मध्ये खास कोल्हापूरच्या माशांवरचा लेख मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात छापून आला. पण नुसती जातींची यादी इथे काय होतं तेवढंच सांगते. एखादा मासा तेव्हा दर जाळ्याला सापडत होता की वर्षाकाठी एखादा, हे तिच्यातून कळत नाही. आणि आज आपल्याला कळायला हवं आहे ते नेमकं हेच, कारण नदीतून जात एकदम नाहीशी होत नाही. आधी तिची संख्या घटते, मग मोठे मासे दिसेनासे होतात, मग पिल्लं. यादीत नाव शेवटच्या माशापर्यंत टिकून राहतं.

पाण्याच्या बाबतीत आपण हे सगळं फार पूर्वीच समजून घेतलेलं आहे. राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात कोल्हापूरकरांना तोंडपाठ असते: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं हे आपण ठामपणे बोलतो, कारण दोन्ही वेळा जागा तीच होती, पट्टी तीच होती आणि पट्टीवरचा शून्यही तोच होता. पाण्याच्या शुद्धतेचंही तसंच. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो त्याची, चाचणी भारतात २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून करतात, युरोप-अमेरिकेत २० अंशांना ५ दिवस. यातली कोणती चांगली यावर वाद घालता येईल, पण इचलकरंजीजवळच्या पाण्याचा आकडा पुण्याच्या मुठेच्या आकड्याशी ताडता येतो, कारण दोन्हीकडे चाचणी एकच आहे. अंघोळीयोग्य पाण्यात लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, हा निकषही त्यामुळेच लावता येतो. माशांसाठी असं काहीच लिहून ठेवलेलं नाही.

पाणी तपासतोच आहोत, मग मासे कशाला मोजायचे, असं कुणी विचारील. पाण्याची बाटली भरली त्या क्षणाचं पाणी कसं होतं ते सांगते. रात्री दोन वाजता सोडलेलं सांडपाणी सकाळी अकराच्या बाटलीत येईलच असं नाही. मासा मात्र चोवीस तास, बाराही महिने त्याच पाण्यात असतो. कोणत्या जाती टिकल्या, कोणत्या वयाचे मासे आहेत, तळाशी खाणारे किती, वाहत्या पाण्यातले किती, यावरून नदीची प्रकृती ठरवता येते हे अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून जगभर त्या विचाराची स्थानिक रूपं तयार झाली. पण त्या सगळ्यांची पूर्वअट एकच आहे: मासे ठरलेल्या पद्धतीने धरलेले असले पाहिजेत.

ओढ्यात हे काम तुलनेने सोपं असतं. पंचगंगेच्या कासारी किंवा तुळशी या उपनद्यांना वरच्या अंगाला गुडघाभर पाणी असताना दोन्ही बाजूंनी जाळी आडवी लावून मधला तुकडा पुरता तपासता येतो. प्रयाग चिखलीच्या संगमाखाली हे शक्य नाही. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांचं पाणी एकत्र येऊन जी पंचगंगा होते, ती नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर जाते. या अंतरात तिचा तळ कुठे खडक, कुठे वाळू, कुठे गाळ, एक काठ उभा कडा, समोरचा उथळ, मध्ये डोह. सगळे मासे धरणं कोणालाच शक्य नाही, नमुनाच घ्यावा लागतो, आणि नमुना कुठून घेतला यावर सगळं अवलंबून असतं. रस्त्याजवळ, पुलाखाली, घाटावर जाळं टाकणं सोयीचं म्हणून सगळे तिथेच टाकतात. मग आपल्या हाती नदीचे मासे येत नाहीत, घाटाजवळचे मासे येतात.

त्यात आपल्या नदीचं एक खास वैशिष्ट्य आहे, ते परक्या देशातल्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही: कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि वाहती नदी एकामागोमाग एक अशा साचलेल्या पाण्यात विभागली जाते. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की ती पुन्हा वाहू लागते. म्हणजे एकाच गावाजवळ, एकाच काठावर, ऑक्टोबरच्या आरंभी आणि मार्चमध्ये आपण दोन वेगळ्या प्रकारच्या पाण्यात जाळं टाकत असतो. बंधाऱ्याच्या वर साचलेल्या पाण्यात तिलापिया बहरतो, बंधाऱ्याखाली खडकांतून पाणी पडतं तिथे वेगळेच मासे मिळतात. पाहणीच्या दिवशी बरगे होते की नव्हते, एवढी एक ओळ जरी प्रत्येक जुन्या अहवालात असती, तर त्यातले निम्मे अहवाल आज उपयोगी पडले असते असं मला वाटतं.

जगात इतरांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहण्यासारखं आहे. युरोपीय संघाने २००० साली पाण्याविषयीचा चौकट कायदा केला आणि नद्यांची स्थिती ठरवताना मासे विचारात घेणं बंधनकारक केलं. त्यासाठी विजेच्या साहाय्याने मासे धरून मोजण्याचं मानक २००३ मध्ये आलं, वेगवेगळ्या आसांचे तुकडे जोडलेल्या जाळ्यांचं २००५ मध्ये. या दुसऱ्या मानकातल्या एका जाळ्यात ५ ते ५५ मिलिमीटरपर्यंतचे १२ आस असतात, म्हणजे पिल्लापासून मोठ्या माशापर्यंत सर्वांना अडकण्याची संधी मिळते. ते तलावांसाठी लिहिलेलं आहे, पण बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्याला जवळचं आहे. डॅन्यूब नदी १० देशांतून वाहते. भाषा वेगळ्या, सरकारं वेगळी, काही देश तर एकेकाळी परस्परांचे शत्रू. तरी २००१ पासून दर सहा वर्षांनी ते नदीची संयुक्त पाहणी करतात, आणि २००७ च्या फेरीत त्यात मासेही घेतले. मिसिसिपीच्या वरच्या भागात सहा टप्पे ठरवून, वर्षातून तीन ठरलेल्या कालखंडांत, १९९३ पासून एकाच पद्धतीने मासे मोजले जातात. तिथे एकच साधन वापरत नाहीत. प्रत्येक जाळ्याला काही मासे सापडतात आणि काही निसटतात हे गृहीत धरून अनेक साधनं वापरतात आणि प्रत्येकाची नोंद वेगळी ठेवतात.

यातलं सगळं जसंच्या तसं उचलून चालणार नाही. विजेची पद्धत आपल्या इथे आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शास्त्रीय उपकरणाने, प्रशिक्षित हातांनी वापरली तर ती मासा मारत नाही, तात्पुरता गुंगवते. पण खोल आणि गढूळ पाण्यात तिचा पल्ला तोकडा पडतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडे तारेवर आकडा टाकून, नदीत करंट सोडून मासे मारण्याचा जीवघेणा प्रकार चालतो. तो थांबवा म्हणून एकीकडे सांगायचं आणि दुसरीकडे सरकारी पाहणीच्या नावाने पाण्यात वीज सोडायची, हे लोकांना पटणार नाही, आणि पटू नये.

रात्रभर जाळं लावून ठेवण्याबद्दलही मला शंका आहे. कृष्णेत मगरी आहेत, पंचगंगेतही त्या दिसतात; कासवं आहेत. बारा तास पाण्यात राहिलेल्या जाळ्यात कासव अडकून गुदमरेल, आणि मासेही मेलेलेच निघतील. माझं म्हणणं, जाळं संध्याकाळी लावावं, दोन तासांनी काढावं आणि तेवढ्या वेळात माणूस नावेवर हजर असावा. पकड कमी मिळेल, पण सर्वांनी दोनच तास पाळले तर ती ताडता येईल. मोजलेला मासा जिवंत परत सोडता येईल. याच्या जोडीला काठच्या उथळ पाण्यात फेकजाळं, तेही मोजून ठराविक वेळा. वाम जाळ्यातून सर्रकन निसटते, तिच्यासाठी खडकाळ जागी गळ किंवा सापळा लागेल. या तिन्हींचे आकडे कधीही एकत्र बेरजेला घेऊ नयेत; उभ्या जाळ्याचा तासामागे किती, फेकजाळ्याचा एका फेकीमागे किती, असे वेगळे लिहावेत.

जागांबद्दल: प्रत्येक बंधाऱ्याच्या वर साचलेल्या पाण्यात एक आणि बंधाऱ्याखाली वाहत्या पाण्यात एक, शिवाय प्रयाग चिखलीच्या वर किमान दोन, आणि नृसिंहवाडीच्या संगमाखाली कृष्णेत एक. या जागा एकदा ठरल्या की बदलू नयेत. अडचणीच्या असल्या तरी. वेळा दोन पुरेत: पाऊस सरल्यावर, बरगे घालण्याआधीचे दिवस, आणि उन्हाळ्यात पाणी सर्वांत कमी असताना. पावसाळ्यात जाऊ नये. पाहणी करणाऱ्यांच्या जिवाला धोका असतो आणि बरेचसे मासे तेव्हा विणीवर असतात.

आता एक गोष्ट, जी सर्वांत आधी विसरली जाते. जाळं रिकामं आलं तर तेही लिहायचं. दोन तास जाळं होतं आणि एकही मासा मिळाला नाही, ही माहिती आहे. रिकाम्या जाळ्याची नोंद नसेल तर पुढे कोणी वाचणारा त्या जागी कुणी गेलंच नव्हतं असं समजेल. तसंच "सापडला नाही" आणि "इथे नाही" हे वेगळं ठेवायला हवं. एका संध्याकाळी महसीर मिळाला नाही म्हणून पंचगंगेतून महसीर संपला असं म्हणता येत नाही. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं मिळाला नाही, तर म्हणता येतं.

जाती ओळखण्यातही एकवाक्यता लागेल. पुंटियस या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, पूर्वी घातलेले मासे २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी पेथिया, डॉकिन्सिया, सिस्टोमस अशा वेगवेगळ्या प्रजातींत विभागले. एकाने जुनं नाव वापरलं, दुसऱ्याने नवं, तर कागदावर एका माशाचे दोन होतात. म्हणून प्रत्येक जातीचा निदान एक नमुना फॉर्मेलिनमध्ये पक्का करून, मग अल्कोहोलमध्ये जपून, विद्यापीठाच्या संग्रहात ठेवला पाहिजे. पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राकडून तो तपासून घेता येईल. आणि मूळचा मासा, बीज सोडून वाढवलेला मासा आणि बाहेरून घुसलेला मासा यांचे रकाने वेगळे हवेत. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. इथे धरणांत त्यांचं बीज सोडलं जातं. त्यांचे आकडे मूळच्या माशांत मिसळले तर नदी बिघडत असतानाही आकडा वाढलेला दिसेल.

उन्हाळ्यात नदीवर मेलेल्या माशांचा खच पडतो तेव्हाही हीच पद्धत कामाला येईल. दरवेळी बातमी येते, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने जातात. किती मासे मेले, कोणत्या जातीचे, केवढे, हे मात्र "हजारो", "टनावारी" अशा शब्दांत राहतं. नुकसान कोणाकडून आणि किती भरून घ्यायचं हे मग ठरणार कसं? माझी विनंती आहे की त्या प्रसंगासाठी वेगळी एक पानी रीत लिहावी: खबर मिळाल्यापासून काही तासांत काठावरच्या ठरलेल्या लांबीत मेलेले मासे जातीवार मोजायचे, लांबी घ्यायची, आणि पहाटे, जेव्हा पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो, तेव्हा तो मोजायचा. मासे कुजायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत पुरावा गेलेला असतो.

पद्धत कागदावर ठरली की लगेच कामाला लागू नये असंही सुचवतो. पहिलं एक वर्ष फक्त पद्धत तपासण्यात घालवावं. जे जे विभाग आणि महाविद्यालयं भाग घेणार आहेत त्या सर्वांनी एकाच आठवड्यात, एकाच जागी, शेजारीशेजारी जाळी लावावीत आणि आकडे ताडून पाहावेत. एकाच पाण्यातून दोन चमूंना फारच वेगळे मासे मिळाले, तर फरक हाताळणीत आहे आणि तो आधी दूर केला पाहिजे. ज्यांच्याकडे जुन्या पद्धतीने काही वर्षांची माहिती आहे त्यांनी ती पद्धत एकदम सोडू नये. वर्षभर दोन्ही चालवाव्यात, म्हणजे जुने आकडे नव्याशी जोडता येतील. हे वर्ष वाया गेल्यासारखं वाटेल. पण ते टाळलं तर पुढची दहा वर्षं वाया जातील.

आणि हे काम भोई आणि कोळी समाजातल्या मासेमारांशिवाय होणार नाही. कोणत्या डोहात काय असतं, बरगे काढल्यावर मासा कुठे सरकतो, कोणत्या महिन्यात पोटात अंडी असतात, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. आजवर पाहणी करणारे त्यांच्याकडून मासे विकत घेतात, नावं विचारतात आणि निघून जातात. त्यांना दिवसाची रास्त मजुरी मिळाली पाहिजे, पद्धत ठरवणाऱ्या बैठकीत त्यांचा माणूस बसला पाहिजे आणि अहवालात जाळं टाकणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. नोंदीचा तक्ता मराठीत असला पाहिजे, म्हणजे त्यांना तो वाचता येईल आणि चूक दाखवता येईल.

जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, आणि त्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या करायच्या आहेत. नदीकाठच्या गावांच्या नोंदवहीत माशांचं पान याच तक्त्याने भरलं तर वेगळा खर्चही फारसा येणार नाही. गोळा झालेली सगळी माहिती जिल्ह्याच्या संकेतस्थळावर जशीच्या तशी खुली ठेवावी, नुसता निष्कर्ष नव्हे. कृष्णा इथून पुढे कर्नाटकात जाते, दूधगंगाही तिकडेच जाऊन तिला मिळते. आपली पद्धत पक्की झाली की बेळगावच्या प्रशासनालाही ती पाठवावी, आणि सांगलीला तर आधीच.

मा. जिल्हाधिकारी, आपल्या अधिकारात हे सर्व विभाग एका टेबलाभोवती आणता येतात; आम्हा शिक्षकांना ते जमत नाही. यंदा बरगे घालण्याच्या आधी एक बैठक बोलवावी. जाळ्याचे आस, जागांची यादी, तासांचं गणित आणि नोंदीचा मराठी तक्ता, यांचा कच्चा मसुदा मी तयार ठेवला आहे. तो अपुरा आहे आणि मासेमारांनी, अभ्यासकांनी त्यावर लाल पेन चालवावं अशी माझी इच्छा आहे. बैठकीची तारीख कळवावी. तक्त्याच्या पुरेशा प्रती घेऊन येतो.

आपला,
प्राणिशास्त्राचा एक शिक्षक
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर